चौथ्या वळणावरची स्वयंपाकीण

ज्या राजानं हा किल्ला बांधला त्याला गुडघे नव्हते, असं भोंग्याचं ठाम मत होतं. गुडघे असलेला माणूस असला जिना बांधूच शकत नाही. मुख्य बुरुजाच्या पोटातून गोल गोल वर जाणारा तो दगडी जिना. एक पायरी घोट्याएवढी, तर पुढची थेट मांडीला येणारी, आणि कठड्याच्या जागी एक तेलकट दोर. वर पोचल्यावर सगळं शहर दिसतं हे खरं, पण शहर खालूनही दिसतंच की. तरी माणसं तिकीट काढून, रांग लावून हौसेनं चढायला लागतात आणि मध्येच कुठेतरी भिंतीला हात टेकून विचारतात, "अजून किती?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं नसतं. भोंगा म्हणायचा, "हे काय, आलंच!"

भोंगा हा किल्ल्यावरचा गाईड. छातीवर पितळी बिल्ला, हातात उंच धरलेली छत्री, आणि आवाज असा की अंगणातल्या कबुतरांनाही राजाची वंशावळ पाठ झाली असेल. आईबापांनी नाव काहीतरी चांगलं ठेवलं होतं, पण किल्ल्यावर ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. तरुणपणी तो इथे तिकिटं फाडायला लागला. तेव्हाच्या गाईडचा घसा एके दिवशी कायमचा बसला, साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, दारात उभा राहून नुसत्या आवाजावर रांग सरळ करणारा हा पोरगा दिसला, आणि छत्री याच्या हातात आली. तोवर त्याचा इतिहासाशी संबंध शाळेत नापास होण्यापुरता.

पण धंदा त्याला लवकर उमगला. गाईडचं काम इतिहास सांगणं हे नव्हेच. माणसं जिवंत वर न्यायची आणि जिवंत खाली आणायची, हे काम. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचं, सगळ्यांत जास्त धापा टाकणारं माणूस हेरायचं आणि त्याचा श्वास ताळ्यावर येईस्तोवर बोलत राहायचं. धाप मोठी तर लढाई मोठी. शाळेच्या पोरांपुढे अख्खा वेढा दोन वाक्यांत उठायचा, आणि एखादी निवृत्त मंडळींची सहल आली की त्याच वेढ्यात शत्रूला नव्यानं कुमक मिळायची. थोडक्यात, भोंग्याच्या किल्ल्यात इतिहास लोकांच्या फुप्फुसांवर चालायचा.

अडचण होती ती चौथ्या वळणाची. पहिल्या वळणावर राजाच्या हाताचा ठसा होता. दुसऱ्यावर बाण सोडायची खिडकी, तिसऱ्यावर कैद्याची कोठडी. चौथ्यावर काही म्हणजे काहीच नाही. एक विटा लावून बुजवलेलं दार, बस्स. आणि माणसं नेमकी तिथेच बसकण मारायची. पूर्वजांनी आपले पराक्रम करताना पुढे कोण कुठे दमणार याचा जराही विचार केलेला नाही, याचा भोंग्याला मनापासून राग यायचा.

एक दिवस त्याच वळणावर एक स्थूल गृहस्थ खाली बसले. चेहरा वांग्यासारखा जांभळा. डोळे मिटलेले. बाकीचे लोक घाबरून भोंग्याकडे बघायला लागले. लांबलचक गोष्ट हवी होती आणि जवळ काही नव्हतं. डोक्यात होती ती फक्त त्याच दिवशी सकाळी घरी झालेली भानगड.

भानगड अशी. घरमालक त्यांना घराबाहेर काढायला आला होता, बरोबर दोन धटिंगण घेऊन. भोंग्याची बायको जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. हातात उकळत्या कांद्याच्या सुपाचं पातेलं. धटिंगण वर आले तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "आधी पाय पुसा. आत्ता फरशी पुसलीय मी." आणि त्यांनी पुसले! पायपुसण्यावर नीट, दोन्ही पाय. मागून घरमालकानंही पुसले. पाय पुसून आत आलेल्या माणसाला मग दांडगाई करता येत नाही, तो पाहुणा होऊन बसतो. "आता बोला," ती म्हणाली आणि पातेलं जरासं वर उचललं. ते म्हणाले, पुन्हा कधीतरी येऊ. या सगळ्या वेळात भोंगा दाराआड उभा राहून तिला धीर देत होता. म्हणजे, तो तसं सांगतो.

तर भोंग्यानं छत्री बुजलेल्या दाराकडे केली आणि सुरू झाला, "हे दार मुदपाकखान्याचं! चारशे वर्षांपूर्वी किल्ल्याला वेढा पडला, शत्रू चोरवाटेनं इथवर आला, आणि इथे उभी होती एक स्वयंपाकीण..." जांभळे गृहस्थ हळूहळू गुलाबी झाले. "पाय पुसा"ला तर ते इतके हसले की भोंग्याला पुन्हा काळजी वाटायला लागली. ते वरपर्यंत चढून गेले आणि उतरताना म्हणाले, "तुमचा राजा काही खास नाही हो. बाई मात्र जबरदस्त."

झालं. चौथ्या वळणावर तिची कायमची वस्ती झाली. धापा लागत गेल्या तशी स्वयंपाकीण वाढत गेली. वेढ्यात धान्य संपलं तेव्हा तिनं नुसत्या कांद्यांवर सगळी फौज जगवली, रोज तेच शिजवून आणि रोज नवं नाव देऊन. शिपाई विचारायचे, आज काय? ती म्हणायची, "कालचं नाही ते." हेही घरचंच होतं. भोंग्याचा पगार अडकला होता त्या थंडीत रोज हेच उत्तर मिळायचं, आणि खरोखरच ते कालचं वाटायचं नाही.

आणि मग एकदा, सुनसान हंगामात, मोजकीच माणसं समोर असताना, भोंग्याच्या तोंडून आणखी एक गोष्ट निघून गेली. ती त्यानं ठरवली नव्हती. त्या स्वयंपाकिणीला वेढ्याच्या दिवसांत मूल झालं, आणि ते रडलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि तिनं चूल पेटवली, कारण तटावर माणसं उपाशी होती.

त्या दिवशी चौथ्या वळणावर कुणी धापा टाकत नव्हतं. भोंग्यालाच पुढचं वळण गाठायला वेळ लागला.

त्याचं पहिलं मूल, मुलगा, दवाखान्यातून घरी आलाच नाही. दोघं रिकाम्या हातांनी परत आली, दार उघडलं, आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढे मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. घरात भाड्यावर, दुधावर, जावयाच्या घोरण्यावर बोलणं झालं. त्यावर नाही. मुळात भोंगा घरी बोलायचाच कमी. दिवसभर ओरडून आलेला माणूस घरी "हं" आणि "बरं" या दोन शब्दांत संसार करतो. बायको म्हणायची, "किल्ल्यावर सगळं सांडून येता, घरी नुसती रिकामी बाटली." तो म्हणायचा, "हं."

गोष्टीला शेवट लागतो, म्हणून त्यानं शेवटी स्वयंपाकिणीला मारून टाकलं. खिडकीतून शिपायांना जेवायला हाक मारताना तिला बाण लागतो. यावर हमखास दोन-तीन रुमाल निघायचे.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण एकदा एक विद्वान आले, त्यांनी गोष्ट टिपून घेतली आणि लेखात लिहिलं, "मौखिक परंपरेनुसार". लेखावरून पर्यटन खात्याची पुस्तिका निघाली. पुस्तिकेवरून दुसऱ्या विद्वानांनी तिसराच ग्रंथ लिहिला. किल्ल्याच्या जुन्या तबेल्यात शहराच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं, तेव्हा त्यात एक सबंध कोपरा निघाला: चूल, भांडी, मेणाची स्वयंपाकीण आणि वर फलक. हद्द म्हणजे तो फलक वाचून भोंगाच चौथ्या वळणावर छाती काढून सांगायला लागला, "विश्वास नसेल तर खाली संग्रहालयात जाऊन वाचा!" त्याची थाप आता पक्क्या घरात राहायला गेली होती, आणि हा तिच्याकडे पाहुण्यासारखा जाऊन येत होता.

मग नव्या संचालकबाई आल्या. तरुण, चष्मा लावलेल्या, स्वभावानं अजिबात वाईट नाहीत, पण दर वाक्याला विचारायच्या, "याला पुरावा काय?" म्हणून गाईड लोकांनी त्यांचं नावच पुरावाबाई ठेवलं. त्यांनी आल्या आल्या राजाचा पलंग हलवला. पलंग राजा मेल्यावर कितीतरी वर्षांनी कुणा सुतारानं बनवला होता. जल्लादाची कुऱ्हाड मटणाच्या दुकानातली निघाली. त्या कुऱ्हाडीवर रसभरीत कथा सांगणाऱ्या गाईडचा बिल्ला जमा झाला, आणि तो सध्या फाटकाबाहेर मोटारी मागेपुढे करायला मदत करतो. नियम तसा सोपा होता: मनचं सांगेल त्याचा बिल्ला जाईल.

स्वयंपाकिणीचा माग काढत पुरावाबाई ग्रंथावरून पुस्तिकेवर, पुस्तिकेवरून लेखावर आणि लेखावरून भोंग्यावर येऊन पोचल्या.

"रविवारी मी तुमच्या गटाबरोबर येते," त्या म्हणाल्या. "नेहमी सांगता तशी सगळी गोष्ट सांगा, काही गाळू नका. आणि शेवटी मला सांगा, ती कुणाकडून ऐकलीत. म्हाताऱ्या माणसांकडून ऐकली असेल तर लोककथा म्हणून आपण ती ठेवू. फक्त तसं सांगा."

भोंगा म्हणाला, "हो हो," आणि दिवसभर बिल्ला चाचपत राहिला. बिल्ला गेला तर राहणार काय? रस्त्यातून मोठ्यांदा बोलत जाणारा एक म्हातारा. पण उत्तर तर बाईंनी स्वतःच हातात दिलं होतं. खालच्या वस्तीतला कुणी आजोबा, कधीच वारलेला. मेलेल्या माणसाची उलटतपासणी कुणी घेत नाही. असा विचार करून तो जरा निवांत झाला, घरी आला, बूट काढले, आणि बायको म्हणाली,

"ही स्वयंपाकीण कोण?"

"कोण... कुठली?"

"जिच्यासाठी तुमचा गळा दाटून येतो ती. वरच्या मजल्यावरच्या वहिनी पाहुण्यांना घेऊन किल्ल्यावर गेल्या होत्या. म्हणाल्या, काय सांगतात हो तुमचे मिस्टर त्या बाईबद्दल! आम्ही सगळे रडलो. आणि ते स्वतःपण डोळे पुसत होते." बायकोनं कांदा चिरायची सुरी खाली ठेवली. "माझ्या आईच्या वेळेला तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हता."

"अगं, ती चारशे वर्षांपूर्वीची आहे."

"असेना. दिसायला कशी होती?"

"मला काय माहीत!"

"मग रडता कशाला? रविवारी मीपण येते. एवढ्या वर्षांत तुमचा तो किल्ला पाहिला नाही, तोही होईल बघून."

"जिना वाईट आहे फार. तुझे गुडघे—"

"माझे गुडघे बरे आज आठवले!"

रविवारी ती खरोखरच आली. लग्नकार्याला घालायचे बूट, हातात मोठी पिशवी, आणि चेहरा असा की सवतीच्या घराची झडती घ्यायची आहे. भोंग्यानं मनातल्या मनात रस्ता आखून ठेवला होता. पातेलं सांगायचं, कांदे सांगायचे, मुलाचं गाळायचं, बाण मारून मोकळं व्हायचं. पुरावाबाईंना थोडंच कळणार आहे?

आधी सगळ्यांना संग्रहालय दाखवायचं होतं. बायकोनं राणीचे चांदीचे कप पाहिले आणि म्हणाली, "एवढ्याशा कपात प्यायचं काय? घोट घेईस्तोवर संपायचं." राजाचं चिलखत पाहून तिनं ते आतून कोण घासत असेल असं विचारलं. जुन्या शहराची लाकडी प्रतिकृती होती, काचेखाली काड्यापेटीएवढी घरं. तिच्यावर ती बराच वेळ वाकून राहिली.

"यात आपली गल्ली कुठे?"

"तेव्हा नव्हतीच. तिथे तळं होतं."

"तरीच भिंतीला ओल येते! आणि तुम्ही रंगाऱ्याशी भांडत बसलात."

शेजारी उभ्या पुरावाबाई हसल्या. भोंग्याला हसू आलं नाही, कारण पुढे स्वयंपाकिणीचा कोपरा होता. मेणाची बाई गोरीपान, कमरेत बारीक, पांढऱ्याशुभ्र ॲप्रनवर एक डाग नाही, हातातली पळी फुलासारखी धरलेली. बायकोनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग भोंग्याला न्याहाळलं.

"हिनं जन्मात कांदा चिरलेला नाही," ती म्हणाली. "असली आवडते होय तुम्हाला?"

"मी नाही बनवली ती!"

"बघते मी," असं म्हणून ती जिन्याकडे निघाली.

पहिल्या तीन वळणांवर भोंगा नेहमीसारखाच गरजला. पण कान सगळे मागे, बायकोच्या पावलांकडे. ती दोर धरून, प्रत्येक पायरीला राजाच्या खानदानाचा उद्धार करत येत होती. गटात एक जाडजूड बाई होत्या, त्या तिच्या साथीला मिळाल्या आणि दोघींनी मिळून खानदान वाटून घेतलं. चौथ्या वळणावर पोचल्या त्या दोघीही भिंतीला टेकल्या. पुरावाबाई पलीकडच्या पायरीवर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

भोंग्यानं छत्री दाराकडे केली.

"हे दार मुदपाकखान्याचं!"

शत्रू चोरवाटेनं आला. स्वयंपाकीण उकळतं पातेलं घेऊन उभी राहिली. "आधी पाय पुसा!" लोक खदखदून हसले. बायको हसली नाही. ती रुमालानं मान पुसत होती, तो हात तिथेच थांबला. "आत्ता फरशी पुसलीय मी!" भोंगा म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता पुढे सरकला. कांदे आले. शिपायांनी विचारलं, आज काय? ती म्हणाली, "कालचं नाही ते." आता बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. आपली हरवलेली छत्री दुसऱ्याच्या हातात दिसली की माणूस बघतो, तसं.

इथून सरळ बाणावर जायचं होतं. पण वर्षानुवर्षं घोटलेल्या गोष्टीतलं मधलंच गाळता येत नाही. कुणी नुसतं शिंकलं तरी भोंगा दोन वाक्यं मागे जाऊन पुन्हा सुरू करायचा, तरच पुढचं यायचं. तोंडाला रस्ता पाठ होता, आणि भोंगा आत घाबरून बसलेला असताना तोंड आपलं त्याच रस्त्यानं चालत गेलं. "वेढ्याच्या त्याच दिवसांत तिला मूल झालं," असं त्यानं स्वतःलाच म्हणताना ऐकलं. "आणि ते रडलंच नाही."

आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. तिसरा दिवस आला, चूल पेटली, तटावरची उपाशी माणसं जेवली. बायको बुजलेल्या दाराकडे तोंड करून उभी होती. तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि पिशवीची मूठ घट्ट आवळलेली बोटं. भोंग्यानं घाईघाईनं बाण मारला. त्या दिवशी स्वयंपाकीण इतक्या झटपट मेली की एकही रुमाल बाहेर निघाला नाही.

"गोष्ट सुंदर आहे," पुरावाबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. "आता सांगा, कुणाकडून ऐकलीत? खालच्या वस्तीतल्या कुणा वडीलधाऱ्यांकडून?"

आजोबा तयार होते. दाढीसकट तयार होते. नुसतं "हो" म्हटलं की बिल्ला राहणार होता, मेणाची बाई राहणार होती, आणि बायको एक शब्द बोलणार नव्हती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती खाली उतरेल, वाटेत भाजी घेईल, घरी जाऊन गॅस पेटवेल आणि या जिन्यावर काय ऐकलं ते मरेपर्यंत काढणार नाही. तोही काढणार नाही. दोघांनाही ते छान जमायचं. भोंग्यानं तिच्या पाठीकडे पाहिलं आणि त्याला एकदम स्वतःची विलक्षण लाज वाटली. जगातल्या यच्चयावत अनोळखी माणसांना त्यानं ही बाई किती मोठी आहे ते सांगितलं होतं. त्या बाईला सोडून.

"कुणाकडून नाही," तो म्हणाला. "ती ही. माझी बायको. घरमालक आला होता तेव्हा हिनंच पाय पुसायला लावले. कांदे हिचेच. आणि मूल..." इथे आयुष्यात पहिल्यांदाच भोंग्याचा आवाज बसला. "मूल आमचं होतं."

"ऐकू नाही आलं!" खालच्या पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं. "जरा मोठ्यांदा!"

"मूल आमचं होतं!" भोंगा ओरडला. बुरुजाची बांधणी तशी चोख आहे. वरपासून खालपर्यंत सगळ्या जिन्यानं ते ऐकलं आणि परत ऐकवलं.

मग बायको वळली. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच, दूधवाल्याशी हिशेबावरून बोलताना असायचा तो.

"तिसऱ्या दिवशी नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मी दुसऱ्याच दिवशी उठले. तिसऱ्या दिवशी तुम्ही उठलात. भिंतीकडे तोंड करून पडला होतात. घरात काहीतरी शिजल्याचा वास आला म्हणून उठलात."

भोंग्यानं छत्री खाली केली.

"पण मग," त्या जाडजूड बाईंना राहवेना, "तुम्ही बाण लागून मेलात कशा?"

"ते यांना विचारा," बायको म्हणाली. "मला आत्ता कळतंय."

त्यावर कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले, पुरावाबाईसुद्धा. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पुन्हा काढून पुसला. पण बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. "बिल्ला ऑफिसात जमा करावा लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "आधी या सगळ्यांना वर नेऊन आणा. अर्ध्यात सोडता येणार नाही." त्यांचं बरोबरच होतं, आणि भोंग्यानंही कधी त्यांना दूषण दिलं नाही. त्याच आठवड्यात फलक उतरला. मेणाच्या बाईला मात्र नोकरी राहिली; तिच्या हातातली पळी काढून पंखा दिला आणि तिला राणीच्या मागे उभं केलं.

त्या दिवशी उरलेली वळणं भोंग्यानं कशी काढली ते त्यालाच माहीत नाही. काय बोलला तेही आठवत नाही. बायको वरपर्यंत आली, तटावरून शहर पाहिलं, "बरं आहे," म्हणाली आणि उतरली. बिल्ला टेबलावर ठेवून तो बाहेर आला तेव्हा ती फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर एक बूट काढून बसली होती आणि पावलाचा चवडा दाबत होती. तो शेजारी बसला. समोर तो कुऱ्हाडवाला गाईड हातवारे करत एका मोटारीला भिंतीवर घालत होता.

"भाजी घ्यायचीय," ती म्हणाली.

"हं," भोंगा म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते बरोबर वाटलं नाही. "घेऊ की. काय घ्यायची?"

ती चवडा दाबत राहिली.

"गोष्टीत त्याला नाव काय ठेवलं होतंत?" तिनं विचारलं.

"काही नाही. नव्हतं ठेवलं."

"राजाच्या घोड्यांची नावं येतात तुम्हाला. वहिनी सांगत होत्या."

"येतात."

"मग?"

सबंध आयुष्य बोलण्यावर काढलेल्या माणसाला तेवढं एक वाक्य जुळवायला घाम फुटला.

"ठेवायचं तर तुला विचारावं लागलं असतं."

तिनं बूट चढवला, लेस बांधली, आणि नाव सांगितलं. ते तिनं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. विचारलं कुणी नव्हतं.